हवाईचा माकूळ आणि त्याचे तेजस्वी जीवाणू : एका सहजीवनाच्या जनुकवाचनाचा इतिहास

दोन भिन्न जातींचे सजीव परस्परांच्या निकट सान्निध्यात आयुष्य काढतात, आणि असे राहणे हा त्यांच्या जीवनक्रमाचा स्वाभाविक भाग असतो, ही गोष्ट जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अँटोन डी बारी यांनी १८७९ मध्ये सहजीवनाची कल्पना मांडली तेव्हापासून जीवशास्त्रात रूढ झाली. शिंबावर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नायट्रोजन पिकाला मिळवून देतात, हे १८८० च्या दशकाच्या अखेरीस सिद्धही झाले. तथापि त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे संशोधकांच्या हाती लागत होते ते या सहवासाचे फळ. सहवास चालू असताना कोणता पक्ष कोणत्या घटकेला काय करतो आणि त्याला दुसरा काय उत्तर देतो, हे पाहण्याचा मार्ग उपलब्ध नव्हता. जीवाणू वेगळा काढून प्रयोगशाळेत वाढवला, तर यजमानाच्या शरीरात तो जसा वागतो तसा तेथे वागत नसे, आणि यजमानाचे ऊतक जसेच्या तसे तपासायला घेतले, तर त्यात दोघांचीही रसायने एकमेकांत मिसळलेली असत.

या अडचणीतून वाट निघाली ती जनुकांच्या अभिव्यक्तीच्या अभ्यासातून. सजीवाच्या प्रत्येक पेशीत बहुधा सगळी जनुके असतात, पण ती सगळी एकाच वेळी कामाला लागत नाहीत. ज्या जनुकाचे काम पडते त्यातील मजकुराची आरएनए या रेणूच्या रूपात नक्कल तयार होते, आणि त्या नकलेवरून पेशी प्रथिने बनवते. या नक्कल करण्याला प्रतिलेखन म्हणतात, आणि दिलेल्या घटकेला पेशीत कोणत्या जनुकांच्या किती नकला आहेत हे मोजले की ती पेशी त्या वेळी कशाच्या तयारीत होती याचा अंदाज बांधता येतो. सहजीवनाच्या बाबतीत या पद्धतीचा विशेष लाभ असा की यजमान आणि सहजीवी यांच्या जनुकांचा मजकूर वेगवेगळा असल्यामुळे, एकाच ऊतकातून काढलेल्या आरएनएमधूनही कोणते काम कोणाचे हे ठरवता येते. या पद्धतीची सर्वांत सलग आणि सर्वांत बोलकी कहाणी घडली ती हवाई बेटांच्या उथळ किनाऱ्यावर राहणाऱ्या, प्रौढपणीही काही सेंटिमीटरच लांबी असणाऱ्या एका जीवावर. कोकणच्या बाजारात माकूळ या नावाने विकल्या जाणाऱ्या प्राण्याचा तो दूरचा भाऊबंद असून शास्त्रात त्याला युप्रिम्ना स्कोलोपीस असे नाव आहे.

या कहाणीची सुरुवात मात्र प्राण्यापासून झाली नाही, जीवाणूपासून झाली. समुद्रात राहणाऱ्या आणि स्वयंप्रकाशी असणाऱ्या एका जीवाणूचे वर्णन डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक यांनी १८८९ मध्ये केले होते. तो पुढे व्हिब्रिओ फिशेरी या नावाने ओळखला गेला. १९७० मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील केनेथ नील्सन, टेरी प्लॅट आणि वुडलँड हेस्टिंग्ज यांनी त्याच्याबद्दल एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केले. ताज्या पोषकद्रवात सोडलेले हे जीवाणू वाढत राहतात, पण आरंभी त्यांचा प्रकाश वाढत नाही. त्यांची दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की प्रकाश एकाएकी आणि झपाट्याने वाढतो. या संशोधकांनी निष्कर्ष काढला की जीवाणू स्वतःच एक रसायन द्रवात सोडतात, ते पुरेसे साचले की प्रकाश निर्माण करणाऱ्या लुसिफरेज या विकराच्या जनुकाचे प्रतिलेखन सुरू होते, आणि म्हणून एकट्यादुकट्या जीवाणूला जे परवडत नाही ते समूहाला परवडते. त्या काळी जीवाणूंना असा परस्परसंपर्क असेल ही कल्पना फारशी कोणाला पटली नाही. १९८१ मध्ये अनातोल एबरहार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या रसायनाची रचना उलगडली, आणि १९८३ मध्ये जोअॅन एंगेब्रेख्ट, नील्सन आणि मायकेल सिल्व्हरमन यांनी प्रकाशाची सगळी जनुके उचलून आतड्यात राहणाऱ्या एशेरिशिया कोलाय या जीवाणूत घातली, तेव्हा तोही प्रकाशू लागला. लक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जनुकगटातील एक जनुक ते संदेशरसायन तयार करते, दुसरे ते ओळखते, आणि उरलेली प्रकाशाचे काम करतात, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

या जीवाणूला समुद्रात इतकी दाटी कोठे सापडत असेल, हा प्रश्न साहजिकच पुढे आला, कारण मोकळ्या पाण्यात तो फारच विरळ असतो. त्याचे उत्तर या माकुळाच्या पोटाशी होते. हा प्राणी दिवसभर वाळूत गाडून घेऊन पडून राहतो आणि रात्री शिकारीला बाहेर पडतो. त्याच्या प्रावरणाच्या पोकळीत, शाईच्या पिशवीला लगटून, दोन पाळ्यांचा एक प्रकाश-अवयव असतो. वरून येणाऱ्या चंद्रताऱ्यांच्या उजेडाशी मिळताजुळता उजेड तो खालच्या बाजूला टाकतो, त्यामुळे खालून पाहणाऱ्या शत्रूला किंवा भक्ष्याला त्याची काळी सावली दिसत नाही. अवयवाच्या मागे परावर्तक ऊतक आणि पुढे भिंग असते, पण प्रकाश मात्र प्राण्याचा नसतो. तो आतल्या कप्प्यांत खच्चून भरलेल्या व्हिब्रिओ फिशेरीचा असतो.

१९८९ मध्ये हवाई विद्यापीठातील वेई आणि यंग यांनी दाखवून दिले की अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिलाच्या प्रकाश-अवयवात एकही जीवाणू नसतो आणि प्रत्येक पिढी आपला सहजीवी समुद्राच्या पाण्यातून नव्याने मिळवते. या शोधाचे महत्त्व मार्गारेट मॅकफॉल-नाय आणि एडवर्ड रूबी यांनी अचूक ओळखले. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात एकत्र आलेल्या या दोघांपैकी मॅकफॉल-नाय यांचा अभ्यास प्राण्यांच्या ऊतकांचा, तर रूबी यांचा जीवाणूंचा. जीवाणूविरहित पाण्यात पिले उबवता येतात, हवा तो जीवाणू हव्या त्या घटकेला पाण्यात मिसळता येतो, आणि यजमान व सहजीवी हे दोघेही एकमेकांवाचून प्रयोगशाळेत जगवता येतात, अशी सोय फार थोड्या सहजीवनांत आहे. उंदराच्या किंवा माणसाच्या आतड्यात शेकडो जातींचे जीवाणू एकत्र नांदतात, आणि त्यांतील कोणाच्या कृतीमुळे काय घडले हे सांगणे दुरापास्त होते. येथे एक यजमान आणि एकच सहजीवी. पुढील तीस वर्षांच्या संशोधनाचा खरा पाया ही निवडच होती, आणि नंतर आलेल्या झगमगत्या तंत्रांपेक्षा तिचे श्रेय अधिक मानले पाहिजे.

१९९० मध्ये बोएचर आणि रूबी यांनी माकुळातून वेगळ्या केलेल्या जीवाणूंचा प्रकाश मोजला, तेव्हा असे आढळले की हा जीवाणू यजमानाच्या शरीरात दर पेशीमागे सुमारे हजारपट अधिक प्रकाशतो, आणि काचेच्या नळीत वाढवला तर माणसाच्या डोळ्याला दिसेल इतकाही उजेड देत नाही. म्हणजे यजमानाचे शरीर जीवाणूच्या जनुकांची अभिव्यक्ती बदलते. उलट दिशेचा पुरावा पाठोपाठ आला. पिलाच्या प्रकाश-अवयवाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म रोमकांनी आच्छादलेले हातासारखे फाटे असतात. ते पाण्याचा प्रवाह आत ओढतात आणि श्लेष्माच्या जाळ्यात जीवाणू गोळा करतात. एकदा जीवाणू आतल्या कप्प्यांत पोहोचले की चार-पाच दिवसांत हे फाटे झडून जातात, कारण त्यांचे काम संपलेले असते. जीवाणू मिळालेच नाहीत तर मात्र ते तसेच राहतात. १९९४ आणि १९९५ मधील प्रयोगांत असे दिसले की सुमारे बारा तासांचा सहवास झाला की नंतर प्रतिजैविक देऊन सगळे जीवाणू मारले तरी फाटे झडण्याचे थांबत नाही. प्राण्याच्या अवयवाची घडण जीवाणूच्या हुकमाने होते, हे विकासशास्त्राला पूर्वी सुचलेले नव्हते.

हा हुकूम कोणत्या रेणूतून येतो याचे उत्तर २००४ मध्ये मिळाले, आणि ते धक्कादायक होते. ट्रॅकिअल सायटोटॉक्सिन या नावाचा एक रेणू डांग्या खोकल्याच्या जीवाणूचे विष म्हणून ओळखला जात होता; माणसाच्या श्वासनलिकेतील रोमक असलेल्या पेशी त्याच्यामुळे नष्ट होतात. वास्तविक तो जीवाणूच्या पेशीभित्तीचा एक तुकडा आहे. टॅन्या कोरोपॅटनिक, मॅकफॉल-नाय आणि या विषाचे अभ्यासक विल्यम गोल्डमन यांच्या गटाने दाखवले की व्हिब्रिओ फिशेरी हाच रेणू सोडतो, आणि माकुळाच्या रोमकयुक्त फाट्यांची झड मुख्यतः त्याच्यामुळे घडते; जीवाणूच्या बाहेरील आवरणातील लायपोपॉलिसॅकराइड हा दुसरा घटक त्याला साहाय्य करतो. एकाच रेणूने एका ठिकाणी रोग होतो आणि दुसऱ्या ठिकाणी अवयव पूर्ण होतो. रोगकारक आणि हितकारक जीवाणूंची भाषा वेगळी असते हा समज यामुळे मोडला. फरक पडतो तो ऐकणाऱ्या ऊतकात, आणि म्हणूनच त्या ऊतकातील जनुके त्या वेळी काय करतात हे जाणून घेणे अनिवार्य ठरले.

तंत्रे तोवर तयार झाली होती. १९९५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मायक्रोअॅरे ही पद्धत विकसित झाली. त्यात काचेच्या पट्टीवर हजारो जनुकांचे तुकडे ठिपक्यांच्या रूपात ओळीने चिकटवलेले असतात. पेशीतून काढलेल्या आरएनएच्या रंगीत प्रती त्यावर सोडल्या की प्रत्येक प्रत आपापल्या जनुकाच्या ठिपक्याला जाऊन बिलगते, आणि ठिपक्याच्या चकाकीवरून ते जनुक किती जोमाने वापरात होते हे मोजता येते. अर्थात त्यासाठी जनुकांचा मजकूर आधी हाती असावा लागतो. २००५ मध्ये रूबी आणि सहकाऱ्यांनी व्हिब्रिओ फिशेरीच्या, माकुळातूनच मिळवलेल्या ईएस११४ या वाणाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध केला. दोन गुणसूत्रे आणि एक छोटे वर्तुळाकार प्लास्मिड मिळून त्यात सुमारे ४२ लाख ८० हजार अक्षरे आणि ३,८०० च्या आसपास जनुके होती. माकुळाचा जनुकसंच त्या काळी वाचण्याजोगा नव्हता, कारण तो फार मोठा आहे. २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा त्याची लांबी सुमारे ५१० कोटी अक्षरे, म्हणजे माणसाच्या जनुकसंचाहून बरीच अधिक, असल्याचे दिसले. म्हणून कॅरलिन चुन आणि सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला: जीवाणू असलेल्या आणि नसलेल्या पिलांच्या प्रकाश-अवयवांतील आरएनएच्याच प्रती करून त्यांनी २००६ मध्ये सुमारे १४ हजार वेगवेगळ्या प्रतिलेखांची सूची तयार केली. येथे एका तांत्रिक बारकाव्याची मदत झाली. प्राण्यांच्या संदेशवाहक आरएनएच्या टोकाला एकाच अक्षराची लांबलचक शेपटी असते आणि जीवाणूंच्या आरएनएला सहसा ती नसते, त्यामुळे शेपटीला धरून यजमानाचे संदेश मिश्रणातून वेगळे काढता येतात.

२००८ मध्ये याच गटाने केलेला प्रयोग त्याच्या रचनेमुळे आदर्श ठरतो. पिलांचे चार प्रकार केले गेले: काहींना जीवाणू दिलेच नाहीत, काहींना नेहमीचा जीवाणू दिला, काहींना प्रकाश देऊ न शकणारा, आणि काहींना संदेशरसायन बनवू न शकणारा बदललेला जीवाणू दिला. त्यानंतर चारही गटांच्या प्रकाश-अवयवांतील जनुकांची अभिव्यक्ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली. शेकडो जनुके बदललेली आढळली. त्यांत सर्वांत मोठा वाटा जीवाणूच्या नुसत्या उपस्थितीचा होता, त्याखालोखाल त्याच्या प्रकाशाचा, आणि त्याहून कमी संदेशरसायनाचा. जीवाणूच्या पृष्ठभागावरील रेणू ओळखणाऱ्या यजमानाच्या ग्राहक-प्रथिनांची जनुके प्रकाशामुळे अधिक वापरात येतात, असेही दिसले. म्हणजे जीवाणूचा प्रकाश पाहून यजमान त्याच जीवाणूचे इतर संदेश ऐकण्यास सज्ज होतो. हे संदेशरसायन एकटे दिले असता मिळालेले उत्तर आणि जीवाणूसह आले असता मिळालेले उत्तर वेगळे होते. उंदीर आणि झेब्रा मासा यांच्या आतड्यांवर जीवाणूंचा होणारा परिणाम तपासून पाहता काही जनुके तिन्ही ठिकाणी समान निघाली, त्यामुळे जीवाणूंच्या सहवासाला दिलेली उत्तरे प्राण्यांच्या वंशवृक्षात फार जुनी असावीत अशी शक्यता पुढे आली.

अशा प्रयोगांविषयी एक सावधगिरी बाळगावी लागते. जनुकाच्या नकला वाढल्या म्हणजे त्याचे प्रथिन तितकेच वाढले असे नाही, आणि प्रथिन वाढले म्हणजे त्याचे कार्य समजले असेही नाही. बदललेल्या जनुकांची यादी हा प्रश्नांचा संग्रह असतो, उत्तरांचा नव्हे. या क्षेत्रात पुष्कळ अभ्यास यादीपाशीच थांबले. माकुळाच्या अभ्यासकांनी मात्र प्रत्येक यादी घेऊन पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे आणि रसायनशास्त्राकडे धाव घेतली, आणि त्यांच्या कामाची किंमत यातच आहे. २०१० मध्ये अँड्र्यू वीअर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला दैनंदिन चक्राचा अभ्यास याचे उत्तम उदाहरण म्हणून थोडा तपशिलाने पाहण्याजोगा आहे.

माकूळ रोज पहाटे आपल्या प्रकाश-अवयवातील बहुतेक, म्हणजे सुमारे ९५ टक्के, जीवाणू समुद्रात बाहेर टाकतो हे १९९० च्या दशकात कळले होते. दिवसा वाळूत पडून राहायचे तर प्रकाशाची गरज नाही, आणि उरलेले थोडे जीवाणू संध्याकाळपर्यंत वाढून कप्पे पुन्हा भरतात. वीअर यांच्या गटाने दिवसरात्रीतील चार घटका निवडून त्या प्रत्येक वेळी कप्प्यांचे अस्तर आणि आतील जीवाणू या दोघांचेही आरएनए काढले. दोन्ही पक्षांतील सर्वांत मोठी उलथापालथ दिवस उजाडण्याच्या सुमारास असल्याचे आढळले. पहाटेच्या थोडे आधी यजमानात पेशीच्या अंतर्गत सांगाड्याशी संबंधित पन्नासाहून अधिक जनुके जोरात आली आणि सहा तासांच्या आत पुन्हा मंदावली. सांगाड्याची जनुके चाळवली असतील तर पेशींचा आकार बदलत असला पाहिजे, या तर्काने त्याच वेळची ऊतके इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा अस्तर-पेशींची जीवाणूंकडील कड सपाट होऊन तिच्यावरून पडद्याचे बुडबुडे सुटताना आणि ते कप्प्यात जीवाणूंच्या गर्दीत मिसळताना दिसले. जीवाणूंकडे पाहिले तर त्याच घटकेला त्यांच्यात ग्लिसरॉलचा ऑक्सिजनविरहित वापर करणारी जनुके वर आलेली होती. आणि ग्लिसरॉल हा पडद्याच्या स्निग्ध रेणूंचा घटक असल्याने, यजमानाने टाकलेले पडदे सहजीवी खात असावा असे अनुमान निघाले. त्याची खातरजमा रसायनाने झाली, कारण जीवाणूंच्या स्वतःच्या आवरणात यजमानाकडून आलेली स्निग्धाम्ले बसवलेली सापडली. बारा तासांनी जीवाणूंचा आहार बदलून कायटिनवर आला, आणि पुढील पहाटेपर्यंत तोच राहिला. कायटिन म्हणजे कोळंबीच्या कवचात असणारी साखरसाखळी; ती रात्री यजमानाच्या रक्तपेशी कप्प्यांत आणून पोहोचवतात, हे त्यानंतरच्या संशोधनाने दाखवले, ज्याचा मुख्य लेख २०१५ मध्ये ज्युलिया श्वार्ट्झमन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. रोजच्या जेवणाच्या वेळा ठरवून जीवाणूंची वाढ आणि प्रकाश या दोहोंचे वेळापत्रक यजमान आपल्या हाती ठेवतो.

वेळापत्रक सर्वस्वी यजमानाचे आहे असे मात्र ठरले नाही. क्रिप्टोक्रोम हे प्रथिन अनेक प्राण्यांत उजेडावर दैनंदिन घड्याळ लावण्याचे काम करते. २०१३ मध्ये एलिझाबेथ हीथ-हेकमन आणि सहकाऱ्यांना असे आढळले की माकुळाच्या डोक्यातील एक क्रिप्टोक्रोम जनुक बाहेरील उजेडाशी चालते, तर प्रकाश-अवयवातील दुसरे जनुक जीवाणूंच्या प्रकाशाशी. जीवाणू अंधारे असतील तर ते जनुक ठराविक वेळी वर-खाली होत नाही. त्यांच्या प्रकाशाच्या रंगाचा निळा दिवा बाहेरून दाखवला तर होते, पण तेव्हाही जीवाणूच्या पृष्ठभागावरील रेणू सोबत असावे लागतात.

त्याच वर्षी नताशा क्रेमर आणि सहकाऱ्यांनी सहवासाच्या पहिल्या तीन तासांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि मायक्रोअॅरेऐवजी पेशीतील सगळे आरएनए थेट वाचून मोजण्याची नवी पद्धत वापरली, ज्यामुळे आधी सूचीत नसलेली जनुकेही सापडू लागली. हवाईच्या समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात दहा लाखांच्या आसपास जीवाणू असतात आणि त्यांत व्हिब्रिओ फिशेरी अत्यल्प असतात. तरीही फाट्यांच्या रोमकांना त्याच्या सुमारे पाच पेशी चिकटल्या की संपूर्ण अवयवाच्या जनुकांचे काम बदलते, आणि तेवढ्याच संख्येच्या अन्य जीवाणूंना असे उत्तर मिळत नाही. वर आलेल्या जनुकांतील एक कायटिन तोडणाऱ्या विकराचे होते. ते विकर कायटिनपासून साखरेचे दोन दुव्यांचे तुकडे सोडते, आणि हे तुकडे जीवाणूला आत बोलावणारा माग म्हणून काम करतात. पाच पेशींच्या स्पर्शाने यजमान त्या पेशींनाच वाट दाखवू लागतो.

संशोधनाची पुढची पावले प्रकाश-अवयवाबाहेर पडली. २०१९ मध्ये सिल्व्हिया मोरिआनो-गुटिएरेझ, रूबी, मॅकफॉल-नाय आणि सहकाऱ्यांनी दाखवले की जीवाणू फक्त प्रकाश-अवयवात असले तरी डोळे आणि कल्ले यांतील जनुकांच्या कामावरही त्यांचा परिणाम होतो. एका कोपऱ्यातील सहवासाची वार्ता सगळ्या शरीराला असते, आणि माणसाच्या आतड्यातील जीवाणू मेंदूपर्यंत परिणाम कसे पोहोचवतात हे विचारणाऱ्यांना येथे एक साधी, तपासून पाहण्याजोगी रचना मिळाली.

पुढच्याच वर्षी याच गटाने आरएनएला अभ्यासाचे साधन मानण्याऐवजी त्यालाच संदेश म्हणून पकडले. व्हिब्रिओ फिशेरी आपल्या बाह्य आवरणाच्या सूक्ष्म पिशव्या सोडतो. त्यांत एसएसआरए नावाचा एक लहान आरएनए भरलेला असतो. हा रेणू बहुतेक जीवाणूंत असतो आणि त्याचे माहीत असलेले काम म्हणजे प्रथिने बनवताना मध्येच अडकलेल्या यंत्रणेची सुटका करणे, हे होते. माकुळात त्या पिशव्या जीवाणूंच्या कप्प्याला लागून असलेल्या अस्तर-पेशींतच शिरतात. हा आरएनए काढून टाकलेला जीवाणू पहिल्या २४ तासांत नेहमीप्रमाणे वसाहत करतो, पण दर पेशीमागे त्याचा प्रकाश नेहमीच्या पाचव्या हिश्श्यावर येतो आणि ४८ तासांच्या सुमारास त्याची संख्या घटू लागते. यजमानाच्या अस्तर-पेशी अवेळी फुगतात, पिलू अशक्त होते, आणि त्याच्या प्रकाश-अवयवात दहा जनुके जादा जोराने चालू लागतात, ज्यांतील कित्येक संसर्गाशी लढणारी आहेत. नेहमीच्या सहजीवीचा एसएसआरए पोहोचला की हीच जनुके शांत असतात.